आवक चालू, जावक बंद

सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४

ही वही मंत्रालयाची, २०१७ सालची, कोरी राहिलेली. छापील तारखा खोडून वापरतो आहे. चांगला कागद फुकट घालवणं मला जमत नाही.

आमच्या दिल्लीतल्या मराठी मंडळाचं ईमेल खातं आज सकाळी बंद पडलं. मी पासवर्ड तीनदा घातला. चुकीचा नव्हता, जुना होता. आता खात्याला खात्री हवी आहे की मी मीच आहे, आणि त्यासाठी ते एका फोनवर सहा आकडे पाठवणार. कोणत्या फोनवर, तर शेवटी ४१ असलेल्या. माझ्या फोनच्या शेवटी ४१ नाही. बळवंतच्या आहे. माझ्याआधी मंडळाचा सचिव तो होता आणि खातं त्यानेच उघडलं होतं.

चंद्रप्रभा म्हणाली, "मग बळवंतभावजींना फोन करा आणि विचारा. सहा आकडे सांगायला असा किती वेळ लागतो?"

मी म्हटलं, प्रश्न वेळेचा नाही.

"मग कशाचा आहे?"

मी चहा मागितला. दुसरा मिळाला नाही.

दुपारी अध्यक्ष हिंमतरावांचा फोन. ते सुभेदार म्हणून निवृत्त झाले, पण फोनवर अजून परेड चालू असते. "शेवडेसाहेब, पंधरा डिसेंबरला स्नेहमेळावा. दोनशे बारा कुटुंबं. ताटं किती, ते केटररला तीस तारखेला सांगायचंय. नावं मेलवर येणार. मेल बंद तर नावं बंद. तीसपर्यंत चालू झाला नाही, तर सचिव बदलायला लागंल."

मी, गुणवंत शेवडे, चौतीस वर्षं केंद्र सरकारच्या आवक-जावक विभागात होतो. माझ्या हातून एक लिफाफा गहाळ झाला नाही. आणि मला टपालावरून काढणार.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

बळवंतचं प्रकरण नोंद असावी म्हणून लिहितो. मनाला लागलंय वगैरे काही नाही.

तो आणि मी एकाच विभागात, शेजारच्या टेबलांवर. आलेल्या कागदाला मी नंबर द्यायचा, त्याने पोच द्यायची. आमच्यात एक वाक्य होतं, पोच दिल्याशिवाय टपाल संपत नाही. तीन वर्षांपूर्वी त्याची पत्नी, अलकावहिनी, अचानक गेल्या. मी तेव्हा पुण्याला होतो, चंद्रप्रभाच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. फोनवर मला बोलता आलं नसतं. मी पत्र लिहिलं. चार पानं. सरकारी नोकरीत चार पानी मजकूर मी कधी स्वतःच्या मनाने लिहिलेला नाही. आर. के. पुरमचा पत्ता तोंडपाठ, तीस वर्षांचं क्वार्टर, डोळे मिटून लिहिला असता. सांत्वनाच्या पत्राला रजिस्टर कसलं करायचं, म्हणून साधं तिकीट लावून पेटीत टाकलं. आयुष्यात एकदाच विनापोच टपाल पाठवलं.

उत्तर नाही. दिल्लीला परतल्यावर मंडळाच्या सभेत तो सगळ्यांसमोर म्हणाला, "तू एक ओळ लिहिली नाहीस." मी म्हटलं, चार पानं लिहिली. तो म्हणाला, "पोच दाखव."

आवक-जावकमधल्या माणसाकडे चारचौघांत पोच मागायची. मी सभेतून उठलो. त्यानेही सचिवपद सोडलं. तेव्हापासून बोलणं नाही.

आता त्याच्याकडे सहा आकडे मागू?

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

मैत्रेयी आली. माझी मुलगी गुरुग्रामला कॉम्प्युटर कंपनीत आहे. म्हणाली, "बाबा, यार, नवीन फुकट अकाउंट उघडा. दोन मिनिटं." मी म्हटलं, म्हणजे उद्या तेही कुणाच्या तरी फोनला बांधलेलं. ती वैतागून म्हणाली, "मग स्वतःचा सर्व्हरच टाका." हे तिने चेष्टेत म्हटलं होतं, असं ती आता सांगते.

संध्याकाळपर्यंत तिने एक यंत्र भाड्याने घेऊन दिलं आणि मंडळाच्या नावाचा पत्ताही नोंदवला. मी विचारलं, यंत्र कुठे आहे? म्हणाली, मुंबईला. मी म्हटलं, मंडळातलं कुणी जाऊन बघून येईल. म्हणाली, बघता येणार नाही, ते खरं यंत्र नाही, मोठ्या यंत्राच्या आत आहे असं समजायचं. म्हणजे यंत्र आहे, मुंबईत आहे, पण नाही. मंत्रालयात अशा बऱ्याच पोस्ट होत्या. मला अडचण वाटली नाही.

सोमवार, ११ नोव्हेंबर

तीन दिवस यूट्यूबवर शिकून सर्व्हर उभा केला. चंद्रप्रभाला तिच्या फोनवरून मंडळाच्या नव्या पत्त्यावर मेल पाठवायला सांगितलं. तिने लिहिलं, "जेवायला या." एक तास झाला तरी पोचला नाही. ती स्वतः येऊन सांगून गेली.

उलगडा दुपारी झाला. मी घरात, दार सताड उघडं, कुरियरची वाट बघतोय. कुरियरवाला सोसायटीच्या गेटवरून परत गेला. खाली जाऊन गार्डला विचारलं तर म्हणाला, "सर, आपने घर का दरवाज़ा खोला होगा, गेट पर तो एंट्री नहीं थी." मी तिथूनच मैत्रेयीला फोन लावला. हो म्हणाली, यंत्राचं स्वतःचं दार वेगळं आणि कंपनीचं गेट वेगळं. मी फक्त दार उघडलं होतं. टपाल पंचवीस नंबरच्या वाटेने येतं, तर पंचवीस दोन्हीकडे उघडावा लागतो.

उघडला. चार वाजून दहा मिनिटांनी "जेवायला या" आवक झालं. आवक क्रमांक एक. मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, भांडी घासून झाली.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

यंत्राची एक खोड लक्षात आली आहे. रोज सकाळी त्याचा पत्ता बदललेला असतो. पत्ता म्हणजे चार तुकड्यांचा एक लांबलचक नंबर. इंटरनेटवर एक मोठी नोंदवही असते, कुठल्या नावाचा नंबर कुठला, ती. मी रोज दहाला त्यात नवा नंबर लिहितो, दुपारपर्यंत टपाल येऊ लागतं, साडेपाचला कार्यालय बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला हे नियमाचंच वाटतं. सरकारी क्वार्टरपेक्षा इथे बदली लवकर होते, इतकंच.

बळवंतलाही क्वार्टर सोडावं लागलंच की. निवृत्तीनंतर तो मानेसरला मुलीजवळ गेला, तेव्हा त्याच्या सामानाच्या टेम्पोत मीच बसलो होतो, अलकावहिनींची तुळस मांडीवर घेऊन. वहिनी पुढच्या सीटवरून दर खड्ड्याला वळून बघत होत्या. माझ्याकडे नाही, तुळशीकडे. आता तो तिथल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात टपाल बघतो म्हणे. लोक सांगतात. मी विचारत नाही.

शनिवार, १६ नोव्हेंबर

मैत्रेयी आली. मी तिला नंबरबदलीचं रजिस्टर दाखवलं. तिने ते बराच वेळ बघितलं.

"बाबा, तुम्ही मशीन रोज बंद करता?"

"साडेपाचला. दिवे, पंखे, यंत्र. मंत्रालयात शेवटी निघणारा मीच असायचो."

"आई, ऐकलंस? ते सर्व्हर बंद करून झोपतात." चंद्रप्रभाला यात काही नवीन वाटलं नाही. ती म्हणाली, गीझरचंही तेच.

मग मैत्रेयीने समजावलं. यंत्र बंद केलं की कंपनी तो नंबर काढून घेते आणि दुसऱ्या कुणाला देते. ती म्हणाली, "मेल जातो, बाबा. पाठवणाऱ्याची काही चूक नसते. पण तो जुन्या पत्त्यावर जातो आणि तिथे आता तुम्ही नसता."

मी म्हटलं, लोकांनी पत्ता तपासून पाठवावं.

चंद्रप्रभा भाजी चिरत होती. सुरी थांबवून माझ्याकडे बघितलं. "लोकांनी तपासावं ना?" म्हणाली. मी म्हटलं, अर्थात. जेवताना तिने मला आग्रह करून दोनदा आमटी वाढली. गेल्या कित्येक दिवसांत असं झालं नव्हतं. बायकांचं कळत नाही.

आता कायमचा नंबर घेतला आहे. यंत्र दिवसरात्र चालू. मला झोप नीट लागली नाही, सारखं कुणीतरी दिवा लावून ठेवलाय असं वाटत राहिलं.

सोमवार, १८ नोव्हेंबर

आवक सुरू, पण जावक होत नाही. बाहेर इतका धूर की समोरची सोसायटी दिसत नाही, आणि आत माझी पत्रं दारातच अडकलेली. नव्या गिऱ्हाइकाला पंचवीस नंबरमधून बाहेर काही पाठवू देत नाहीत. लोक खोटंनाटं पाठवतात म्हणून. परवानगी मागावी लागते.

परवानगी मागणं मला येतं. अर्ज केला. विषय, संदर्भ, नऊ मुद्दे, तीन परिशिष्टं, मंडळाची घटना, गेल्या वर्षीचा हळदीकुंकवाचा फोटो. शेवटी "सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा". तासाभरात उत्तर आलं, एका ओळीत: रोज अंदाजे किती मेल पाठवणार?

इतकं सुंदर टिपण आणि विचारलं काय, तर किती. मी लिहिलं, दोनशे बारा, तेही कधीमधी.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

परवानगी आली. सोबत आणखी एक काम करून घ्यावं लागलं. समोरचा सर्व्हर आपल्या नावावर विश्वास ठेवत नाही, नंबरवरून उलटी चौकशी करतो की इथे हेच राहतात का. ती उलटी नोंदही कंपनीकडून करून घेतली. मग मैत्रेयीला मेल पाठवला, तो तिच्या कचऱ्याच्या फोल्डरात न जाता सरळ समोर आला. तिने फोन करून सांगितलं, "बाबा, बिल्कुल प्रॉपर आहे. सिरियसली." आवाजात अभिमान होता. मी तो नोंदवून ठेवतो.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

सर्व्हरला आज पोच द्यायला शिकवलं. कुणाचंही पत्र आलं की त्याला आवक क्रमांक पडतो आणि आपोआप पोच जाते. मैत्रेयीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "पोच म्हणजे अ‍ॅक्नॉलेजमेंट ना? बाबा, सगळ्यांना ऑटोमॅटिक नका लावू. प्रॉब्लेम होतो." काय प्रॉब्लेम ते सांगणार इतक्यात तिची मीटिंग लागली. मी समजू शकतो. तिच्या पिढीने पोच पाहिलेलीच नाही. मेल वाचतात आणि गप्प बसतात.

सोमवार, २५ नोव्हेंबर

आज परिपत्रक काढलं. यादी समोर घेतली. सभासद क्रमांक सतरा, बळवंत. कारखान्यातल्या टपाल विभागाचा ईमेल पत्ता. पेन सतराशी थांबलं. वगळावं का? चंद्रप्रभा मागे उभी होती. म्हणाली, "नियम काय म्हणतो?" नियम म्हणतो, सर्व सभासद. दोन वाजून दहा मिनिटांनी दोनशे बारा मेल गेले. मी जरा आडवा झालो.

चारला उठून बघतो तर आवक क्रमांक ६,४१८.

पहिल्यांदा वाटलं, काय प्रतिसाद आहे. मग बघितलं, दीडशे सोडले तर सगळे एकाच पत्त्यावरून. मानेसरहून. प्रत्येकात हेच:

"आपले पत्र मिळाले. योग्य ती कार्यवाही करण्यात येईल. कळावे."

मी जागच्या जागी बसलो. हे वाक्य माझं आहे. १९९६ साली मी लिहिलं आणि बळवंतने टाइप केलं. "कळावे" त्याचं, मला नको होतं, त्यावर आम्ही एक अख्खा डबा खाईपर्यंत भांडलो होतो. त्याने कारखान्यातही आपोआप पोच बसवलेली. माझ्या परिपत्रकाला त्याच्या यंत्राने पोच दिली. ती आवक म्हणून नोंदून माझ्या यंत्राने तिला पोच दिली. त्या पोचेला त्याने. पावणेदोन तास. तीन वर्षं एक शब्द न बोललेली दोन माणसं सहा हजार वेळा एकमेकांना पोच देत होती.

मी वायर शोधली. वायर नाही, यंत्र मुंबईत. तेवढ्यात फोन वाजला. शेवटी ४१.

"गुण्या," बळवंत म्हणाला, "सहा हजार पत्रं आली तुझी. एकात मजकूर नाही."

मी म्हटलं, "तुझ्याही नाही."

"बंद कर. इकडे मॅनेजर मला विचारतोय हा शेवडे कोण."

"मग काय सांगितलंस?"

"शेजारच्या टेबलावरचा, म्हटलं."

मी सर्व्हर बंद केला. फोन मात्र दोघांनीही ठेवला नाही. मग तो म्हणाला, "इतकं पाठवलंस, ते एक का नाही पाठवलंस रे?"

मी म्हटलं, पाठवलं. चार पानं. शपथेवर सांगतो.

"कुठे पाठवलंस?"

मी ताठ बसून सांगायला लागलो. क्वार्टर नंबर दोनशे सोळा, सेक्टर आठ, आर. के.

आणि थांबलो.

तिकडून हळूच आलं, "टेम्पोत तुळस कोणी धरली होती?"

मी फोन चंद्रप्रभाच्या हातात दिला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. तिला काय बोलायचं ते ती बोलत होती. मला रडताना बघायची तिला सवय नाही.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

कंपनीने माझा पंचवीस नंबर बंद केला. दोनशे बाराचा अंदाज देऊन सहा हजार पाठवले म्हणून. शिवाय जगातल्या कुठल्याशा काळ्या यादीत आमच्या मंडळाचं नाव गेलं आहे. आवक चालू, जावक बंद. पोच काढून टाकली आणि सर्व्हर पुन्हा चालू केला. नावं येत आहेत, हिंमतराव खूश आहेत. ते म्हणाले, "येतंय ना? मग झालं. फौजेत बी वरून येतंच राहायचं, खालून काय जात नव्हतं."

चंद्रप्रभाला विचारलं, पत्त्याचं तुला कधी कळलं? म्हणाली, "तुम्ही नंबरबदलीचं रजिस्टर काढलंत तेव्हा." मग सांगितलं का नाहीस? "सांगितलं असतं तर तुम्ही पोच दाखव म्हणाला असता."

गुरुवार, २८ नोव्हेंबर

जावक बंद असल्यामुळे पत्र स्वतः नेलं. पहिली चार पानं आठवली नाहीत. नवं लिहिलं, दीडच पान झालं. वहिनी तुळशीकडे वळून वळून बघत होत्या, ते लिहिलं. मी आलो नाही, ते माझं चुकलं, हेही लिहिलं. पत्ता तीनदा तपासला. सोबत जुनं प्यून बुक घेतलं, ज्यात टपाल हातात देऊन सही घ्यायची.

मेट्रो, मग मानेसरचा शेअर ऑटो. कारखान्याच्या गेटवर गार्डने अडवलं. "अंदर से एंट्री नहीं है." मी म्हटलं, समजलं, दार उघडं आहे पण गेटवर नाव नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला पंचवीस नंबर समजावून सांगत होतो, तेवढ्यात बळवंत स्वतःच बाहेर आला. केस सगळे पांढरे झाले आहेत. त्यानेही माझे बघितले.

समोर चहाच्या टपरीवर बसलो. त्याने पत्र उघडलं. दीड पान वाचायला त्याला चहा गार होईपर्यंत वेळ लागला. चष्मा काढून पुसला, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी टपरीवरच्या बिस्किटांच्या बरण्या मोजल्या. सात.

मग म्हणाला, "ताटं सांगायची आहेत ना? माझं एक."

"एक," मी म्हटलं, आणि यादीत लिहिलं.

"आणि ते सहा आकडे पाठवायला सांग त्या खात्याला. फोन आहे माझ्याकडे."

मी म्हटलं, आता गरज नाही, आपला स्वतःचा सर्व्हर आहे. तो म्हणाला, "त्यातून पत्र बाहेर जातं का?" मी खातं उघडलं. त्याच्या फोनवर आकडे आले. त्याने एकेक आकडा मोठ्याने सांगितला, मी एकेक लिहिला, जुन्या दिवसांत नंबर जुळवायचो तसा. अर्ध्या मिनिटाचं काम.

मी प्यून बुक पुढे केलं. त्याने खिशातून पेन काढलं, सही केली, तारीख घातली, वेळ घातली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "उशिरा मिळाले. योग्य पत्त्यावर. कळावे."

मी वाचलं, आणि सवयीने त्याखाली सही करायला पेन मागितलं. त्याने वही मिटून माझ्या पिशवीत टाकली.

"पोचेला पोच द्यायची नाही," बळवंत म्हणाला. "चहा सांग आणखी दोन."